रुमालाचं वजन

मोठ्या दवाखान्याच्या प्रसिद्धी विभागात संदेश लिहिणारी एक मुलगी होती आणि तिचे बाबा काही केल्या रक्तदाब तपासून घेत नव्हते. बाबा घड्याळजी. दोन महिने डोकं ठणकत होतं, मिनिटकाटा कधीकधी दोन-दोन दिसत होता, तरी माणूस दुकानातून हलायला तयार नाही. ती काही बोलली की डोळ्यावरचं भिंगसुद्धा न काढता म्हणायचे, “मला काय धाड भरलीये?”

म्हणून रक्तदाब तपासणीची मोहीम निघाली तेव्हा तिने बाबांना समोर धरूनच संदेश लिहिला. ‘रक्तदाब तपासून घ्या. खोली क्रमांक चार, सकाळी नऊ ते बारा. दोन मिनिटं लागतात.’ संपलं. एवढं वाचून तरी उठतील, असं तिला वाटलं.

साहेबांनी तो वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि म्हणाले की यात माहिती आहे. म्हणजे चूक दाखवावी तसं म्हणाले. ते नुकतेच दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला जाऊन आले होते आणि माणूस डोक्याने नाही, काळजाने ऐकतो, हे तिथून शिकून आले होते.

“वाचून मला काहीच झालं नाही,” साहेब म्हणाले.

“पण तपासणीला जावंसं वाटलं का, साहेब?”

“तो मुद्दाच नाही.”

मग तीन मिनिटांची चित्रफीत करायचं ठरलं. रिकामी खुर्ची, दाराशी उभी लहान मुलगी, मागे बासरी. शेवटी संदेशाची ती मूळ ओळ. पण भावना जागी झाली हे वरच्या कार्यालयाला कळवायचं कसं? तर साहेबांनी पद्धत काढली. बाहेरच्या रांगेतले दहा पेशंट आणून बसवायचे, प्रत्येकाला एक कागदी रुमाल द्यायचा, रुमालाचं आधी वजन, नंतर वजन. फरक तो परिणाम. प्रयोगशाळेतला नाजूक काटा त्यासाठी कायमचा प्रसिद्धी विभागात आला.

पहिल्या दिवशी चार ग्रॅम भरले. मंजुरीला अकरा लागत होते. एकाचा एकट्याचा रुमाल तीन ग्रॅम भरला होता, पण त्याला सर्दी असल्याचं उघडकीला आलं आणि तो बाद झाला.

गडबड कुठे होते ते वजन करणाऱ्या सिस्टरने हेरलं. लोक छान रडत असतात आणि खोली क्रमांक आला की नाक पुसून पत्ता लिहून घ्यायला लागतात. साहेबांनी त्या ओळीला लेखी स्वरूपात ‘अश्रुरोधक’ ठरवलं. मुलीने हातापाया पडून सांगितलं की लोक पत्ता लिहून घेतायत तर घेऊ द्या की. साहेबांनी समजुतीने ऐकून घेतलं आणि ओळीतली आधी वेळ गाळली, मग खोली गाळली. ‘रक्तदाब’ हा शब्दही फार दवाखान्यासारखा वाटतो म्हणून शेवटी तोही गेला. उरली खुर्ची, मुलगी आणि बासरी. एकोणीस ग्रॅम.

चित्रफीत अशी पसरली की विचारू नका. माणसं बसथांब्यावर रडली, जिने चढताना रडली. खोली चारमध्ये मात्र चिटपाखरू नाही, म्हणून तिथलीही सिस्टर वजनाला घेतली आणि त्या खोलीत रुमालांची खोकी रचली. महिन्याचा अहवाल रिकामा कसा पाठवणार? साहेबांनी रडलेल्या सगळ्यांना ‘भावनिकदृष्ट्या तपासलेले लाभार्थी’ म्हणून दाखवलं. मोहीम तीनशे टक्के यशस्वी.

एका दुपारी बाबांचा दुकानातून फोन आला. आवाज भरलेला.

“अगं, काय केलंयस तू हे. सात वेळा पाहिलं. गिऱ्हाइकांनाही दाखवलं.”

तिला वाटलं, जिंकले. “मग बाबा, उद्या येताय ना तपासायला?”

“आता कशाला? रडून कसं मोकळं मोकळं वाटतंय.”

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली, दुकानाचं शटर स्वतः ओढलं आणि बाबांना जवळजवळ फरफटतच खोली चारमध्ये आणलं. दार उघडलं तर छतापर्यंत खोकी. रक्तदाबाचं यंत्र त्यांच्या खाली कुठेतरी. दोन्ही सिस्टर धावत आल्या, खोकी उपसायला लागल्या, आणि बाबा एका खोक्यावर टेकले. म्हणाले, डावा हात जड वाटतोय. पुढचं वाक्य तोंडातच बोबडं झालं.

स्ट्रेचर आलं, बाबांना वर नेलं. ती तिथेच भिंतीला टेकून हमसून हमसून रडत राहिली. साहेबांनी येऊन पाठीवर हात ठेवला, रुमाल दिला. तिने डोळे पुसले. साहेबांनी तो अलगद परत घेतला आणि कडांना धरून काट्याकडे निघाले.

बाबा वाचले. डावा हात मात्र उठत नाही, आणि एका हाताने घड्याळ उघडता येत नाही. दुकान बंदच आहे.

ऐकून वाईट वाटलं ना? घशाशी आवंढा आला असेल तर उत्तम. तुम्ही लाभार्थी झालात. आता जागचं उठायची काही गरज नाही.