दिगंबरचं लाल बटण

समोरच्या दारातला दिगंबर आमच्या घरची बेल वाजवत नाही. दोन दारांमध्ये एक चपलांचा स्टँड मावेल एवढंच अंतर. पण त्याला विरजण हवं झालं, तर तो आधी माझ्या फोनवर ॲप टाकतो.

मी गंमत करत नाही. त्या ॲपचं नावच 'विरजण' होतं. आपल्याकडे विरजण असलं तर आपण कळवायचं, मग ज्याला हवं त्याला नकाशावर ठिपका दिसतो. मी मोठ्या उत्साहाने उघडलं, तर 'सर्वांत जवळचं विरजण' म्हणून मला आमचाच फ्रीज दिसला.

"लोकेशन करेक्ट आहे, भाऊ," दिगंबर म्हणाला. सुनंदा, म्हणजे आमची ही, तोवर वाटी घेऊन दारात उभी होती.

दिगंबर घरबसल्या वेबसाइटी बनवतो. गोदामवाल्यांच्या, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या, मंगल कार्यालयांच्या. त्याचं पोट त्यावर चालतं, पण जीव असतो फावल्या वेळातल्या ॲपांत. चाळिशी आली, लग्न केलं नाही, घरात माणसांपेक्षा वायरी जास्त. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी एका गोदामात बिलं तपासतो आणि फोन अडकला की अजूनही थर्मामीटरसारखा झटकून बघतो. म्हणूनच दिगंबरने टेस्टिंगला मला निवडलंय. "तुम्हाला जमलं ना भाऊ, की कुणालाही जमेल." हा मान की अपमान, ते मी अजून ठरवू शकलेलो नाही.

एक ॲप होतं 'पाणी आलं'. नळाला पाणी आलं की ज्याला आधी कळेल त्याने बटण दाबायचं. पण पाणी आलं की माणूस बादलीकडे धावतो. पाणी गेल्यावर सगळे सावकाश हात पुसून बटण दाबायचे आणि मग आमच्या फोनवर घंटा वाजायची. दुसरं होतं कशेळी पुलावरच्या ट्रॅफिकचं. ते कधीही उघडा, 'जाम आहे' म्हणायचं. मी म्हटलं, "हे बिघडलंय रे."

"ॲप बरोबर आहे, भाऊ. ट्रॅफिक बिघडलाय."

आणि अगदीच कोंडीत पकडलं की त्याचं ठरलेलं उत्तर: "अजून बीटात आहे." बीटा म्हणजे म्हणे कच्चं, चालवून बघण्यापुरतं. एका पॉवरलूमवाल्या शेठने साइटची चौकशी केली, तेव्हाही तो फोनवर "शेठ, अभी बीटा है" म्हणाला. शेठ लूमच्या खडखडाटात उभे. त्यांना बेटा झाल्याचं ऐकू गेलं. "मुबारक हो, बताया भी नहीं," म्हणून त्यांनी मिठाईचा डबा आणि एक पिवळं झबलं पाठवलं. मिठाई आम्ही खाल्ली. झबल्याने दिगंबर स्क्रीन पुसतो.

तर मध्यंतरी त्याने माझ्या फोनवर नवं ॲप टाकलं आणि काही न सांगता गेला. सकाळी फोन किणकिणला. पडद्यावर एकच शब्द: 'हाय?' खाली एक हिरवं बटण, एक लाल.

मला वाटलं, फोन नमस्कार करतोय. फोनवरचं म्हणजे इंग्रजीच असणार. प्रश्नचिन्ह जरा विचित्र वाटलं, पण हिरव्या बटणावरही 'हाय' होतं, ते दाबून मी उलट नमस्कार केला. दुसऱ्या दिवशीही तेच. मग मला वाटायला लागलं, आपण नुसतं हाय करून निघून जातो, हे काही बरं दिसत नाही. लाल बटणावर 'न्हाय' होतं. चष्मा नव्हता. मी 'बाय' वाचलं. निरोप घेतला आणि आंघोळीला गेलो.

अंगावर पहिला तांब्या घेतला आणि बेल वाजली. वाजली म्हणजे कुणी बोट काढायलाच तयार नव्हतं. बाहेर दिगंबरचा आवाज, "वहिनी, भाऊ कुठायत?"

"आंघोळीला. का रे? अनवाणी काय आलास?"

मी टॉवेलवर बाहेर आलो. दिगंबरच्या तोंडात टूथपेस्टचा फेस. मला बघून तो स्टँडवर, चपलांवरच बसला.

"न्हाय का दाबलंत?"

"बाय केलं."

"भाऊ, ते आमच्या गावचं हाय आहे. माणूस हाय, नाहीतर न्हाय."

"म्हणजे मी गेल्याचं मीच कळवलं?"

"दुसरं कोण कळवणार?"

मग उलगडा झाला. हे ॲप आमच्यासाठी नव्हतंच. त्याची आई अंबाडीच्या अलीकडे गावात एकटी असते. शहरात यायला तयार नाही. रोज फोन केला तर चिडते, "मेले का बघायला करतोस?" म्हणून त्याने तिच्या बोलीतली ही दोन बटणं केली होती. माझ्यावर ती चालली की तिच्या फोनवर टाकायची होती.

माझ्यावर चालली नाहीत, तरी त्याने टाकली. काही दिवस हिरवं हिरवं येत राहिलं. आणि एका रविवारी, मी जिन्यात पेपर घेत असताना, त्याचं दार उघडलं. हातात फोन, चेहरा पांढरा. पडद्यावर लाल.

"उचलत नाही फोन," तो म्हणाला.

सुनंदाने मला ढकललं. "जा त्याच्याबरोबर. शर्ट बघा, उलटा घातलाय."

मी मोटारसायकलवर मागे बसलो. वाडा रोडचे खड्डे त्या दिवशी त्याने चुकवले नाहीत. माझ्या मनात सारखं येत होतं, बाय तर म्हणाली नसेल? पण तिला कसलं इंग्रजी.

आई ओटीवर बसून वाल सोलत होती.

"आलास? बरा झाला. ह्ये कोन?"

"शेजारचे भाऊ. आये, लाल का दाबलंस?"

"मीठ न्हाय घरात."

"अगं, पण फोन का नाही उचललास?"

"कशाला? तू इचारलंस, मी सांगितला. पुन्ना काय बोलायचा?"

दिगंबर तसाच मागे वळला. नाक्यावर मीठ आणायला गेला. मला तिने आत पाण्याला पाठवलं. माठाशेजारी मिठाची बरणी होती, झाकण बसत नव्हतं इतकी भरलेली. मी पाणी प्यायलो आणि बाहेर येऊन वाल सोलायला बसलो. त्या दिवशी आम्ही जेवूनच निघालो. येताना खड्डे चुकवले.

पुढच्या रविवारी काडेपेटी न्हाय. त्याच्या पुढच्या रविवारी नारळ न्हाय. शेवटी मला राहवेना.

"दिगंबर, मी बघितलंय. बरणी भरलेली होती."

"माहीत आहे, भाऊ. आदल्या खेपेला मीच भरली होती."

"मग ते लाल बटण काढून टाक की. घाबरतोस कशाला दर वेळी?"

त्याने स्क्रीन पुसायला झबलं घेतलं. पुसून झालेली स्क्रीन पुन्हा पुसली.

"नको. अजून बीटात आहे."

माझ्या फोनवरून मात्र त्याने ते ॲप काढलं नाही. टेस्टिंग केव्हाच संपलंय. तरी रोज सकाळी 'हाय?' येतं आणि मी चष्मा लावून हिरवं दाबतो. परवा दाबताना सुनंदाने विचारलं, "तो सगळ्यांना विचारतो. त्याला कोण विचारतं हो?" ती घावन घालत होती. तव्यावर एक, ताटात बरेच.

मी लाल दाबलं.

बेल वाजली. या खेपेला एकदाच.

"काय न्हाय, भाऊ?"

"विरजण," मी म्हणालो.

त्याने टेबलावरच्या दह्याच्या पातेल्याकडे बघितलं. मग चपला काढल्या आणि आत येऊन बसला.