धर्मगुरूंना बोलायची परवानगी

माझा गोटू दीड वर्षाचा आहे आणि तो आमच्या पोलीस ठाण्याचा धर्मगुरू आहे.

भरती रीतसर झाली. पोलिसांनाही मन मोकळं करायला कुणीतरी हवं, म्हणून वरून जागा मंजूर झाली होती. ऐकताना चिडायचं नाही आणि ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही, एवढीच पात्रता. मुलाखतीला दोन महाराज आले. एक आतच चिडले. दुसऱ्यांनी ते बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं. मी सायकल चोरीची तक्रार द्यायला गेले होते, गोटू कडेवर होता. इन्स्पेक्टर धुमाळ मॅडमनी त्याच्यापुढं खुर्ची ओढली आणि बदलीपासून सासूपर्यंत सगळं सांगून टाकलं. गोटू पायाचा अंगठा चोखत ऐकत राहिला. नेमणूक झाली. सायकल अजून मिळालेली नाही.

मला घोर वेगळाच. एवढं पोर झालं तरी तोंडातून शब्द नाही. घरी मी सारखं “आई म्हण, आई म्हण” करायची. ते हवालदार लोंढ्यांच्या कानावर गेलं. ते घरी येऊन बसले, चहा घेतला आणि म्हणाले, “ताई, शिकवू नका. बोलला की पात्रता गेली.”

“म्हणजे पोर मुकंच ठेवू?”

“रिटायर होईपर्यंत. पुढं काय ते बोलू दे की.”

मला रात्रभर झोप नाही.

सोमवारी हजेरीला सगळे रांगेत उभे होते. टेबलावर बसलेला गोटू अगदी स्पष्ट बोलला, “मी नव्हतो तिथं.”

लोंढ्यांनी टोपी काढून घाम पुसला. हे वाक्य धर्मगुरूंजवळ कोण बोललं होतं, असं मॅडमनी विचारलं. मग एकेक करत सगळ्यांचे हात वर गेले. शेवटी मॅडमनीही केला. सगळेच तसं बोलले, म्हणजे गुपित कुणाचंच फुटलं नाही, असं ठरलं. नोकरी राहिली. गोटूला तेवढं एक वाक्य बोलायची परवानगी मिळाली.

मी दारातूनच म्हटलं, “मॅडम, आणि ‘आई’?”

मॅडमनी नियम आठवून पाहिला. मग रांगेकडं वळून विचारलं, “त्याच्याजवळ आईचं नाव कुणी काढलंय?”

परत सगळे हात वर गेले. लोंढ्यांनी दोन्ही केले.

मॅडमनी परवानगी दिली आणि हजेरी पुढं चालू झाली.