बर्माच्या टाइमानं जेवनारा दिगांबर

आमच्या मेसमंधी रातचं जेवन आठ वाजता सुरू होते. दिगांबर सात वाजताच ताट घेऊन बसे. भात शिजेल नसे, वरनाले फोडनी नसे. मी म्हनो, बाप्पा, टाइम हाय अजून. तं थो हातावरचं घड्याय माह्या नाकासमोर धरे अन् म्हने, "मुद्दा असा हाय मावशी, तिकडे आठ वाजले."

तिकडे म्हंजे बर्मात. अमरावतीच्या राजापेठात राह्यनारा, अकोल्याकडच्या फुलवाल्या माळ्याचा पोरगा, अन् घड्याय बर्माचं. घड्यायात बर्माचे आठ वाजले की याच्या पोटात इकडे राजापेठात भूक उठे.

मी शाया शिकली नाई. दुसरीपावतर गेली, मंग बकऱ्या माह्या वाट्याले आल्या. पन जगात कुठी पोट्टे रस्त्यावर उतरले थे मले पेपर न वाचता समजे, हा त्याच देशाच्या आठले जेवे म्हनून. दिगांबर साडेसातले आला, तं समजा बांगलादेश. पावनेआठले आला, तं नेपाळ. एक डाव तं थो दहा वाजता याले लागला. म्हने इराणातल्या पोरी उतरल्या हाय, त्याइचं घड्याय आपल्या मांगं चालते. मी म्हनलं, पोरीइचं भलं हो, पन त्याइच्यापायी मी भांडे कधी घासू? तं लेकाचा म्हनते, "मी घासतो." अन् घासले बी. थो देश शांत झाला की याचं घड्याय पुन्हा बर्मावर.

वय म्हनानं तं पस्तिशीच्या पल्याड. अंगानं बारीक, दाढी अर्धी पांढरी, अन् कॉलेजात नाव अजून चालू. एक एम.ए. इतिहासाचं, दुसरं राज्यशास्त्राचं. तिसरं कशाचं होतं थे त्याले बी आठवा लागे. मेसच्या वरच्या खोल्याइतले बाकीचे पोट्टे परीक्षा देत, नोकरीले लागत, लगन करून बायकोले मले दाखवाले आनत. दिगांबर तिथंच.

येक डाव त्यानं मोर्चा काढला. पोट्टे काही बर्मासाठी आले नोयते. मोर्चा झाल्यावर गिला वडा खाऊ घालतो म्हने, म्हनून पाच जन गेले. कचेरीतल्या बाबूनं निवेदन उलटंपालटं करून पाह्यलं अन् इचारलं, थे गाव कोन्त्या तालुक्यात येते. दिगांबर म्हने, "मुद्दा असा हाय साहेब, थो देश हाय." बाबू म्हने, मंग तिकडच्या कचेरीत द्या ना बा, इथं काहून आले. वापस येता येता पोट्टे इतके हासले का त्याइले वडा गिळवेना. दिगांबर मातर गंभीर. त्याच्या मतानं निवेदन घेतलं म्हंजे अर्धं काम झालं.

तिकडचे पोट्टे म्हने तीन बोटं वर करते, थे त्याइचं निशान हाय. यानं भाजीबजारात भाजीवालीले तीन बोटं दाखवली. तिनं मेथीच्या तीन जुड्या थैलीत टाकल्या. यानं बी समजावून सांगाच्या ऐवजी घेतल्या. मेसनं दोन दिवस मेथी खाल्ली.

अन् गच्चीवरचं ताट तं सांगूच नोका. तिकडे लष्करानं राज्य हातात घेतलं तवा तिथले लोक रोज आठले घरोघरी भांडे वाजवत. हा आमच्या गच्चीवर सातले ताट वाजवे. आमच्याइकडे ताट वाजवते थे लेकरू झाल्यावर. पल्याडच्या घरची म्हतारी गूळ घेऊन पायऱ्या चढून आली, कोनाले पोरगा झाला म्हनून. मी सांगतलं, कोनाले नाई माय, बर्माचं राज्य सोडवनं चाललं हाय. तिनं गूळ वापस नाई नेला. म्हने, आनलाच हाय तं खा, त्याइच्याइकडे बी काही चांगलं होईन.

लोक टोमने मारत. तुह्या बापाच्या वावरात फुलं तोडाले मानूस नाई अन् तू दुसऱ्याचं राज्य सोडवतं का, म्हनत. मी बी मारले. येकदा मी म्हनलं, दिग्या, थे बर्मावाले तुह्यासाठी कधी उपाशी राह्यले का रे?

"राह्यले, मावशी," थो म्हने, अन् पोयी मोडून खाऊ लागला.

तवा मले थीहा आठवला.

थीहा बर्माचा पोरगा. पाली शिकाले आलता, अन् दिगांबरच्याच खोलीत राहे. गोरा, ठेंगना, बोलनं कमी. दोन्ही टाइम भात लागे. ठेचा तं असा खाय, जसं आपन लोनचं खातो, डोयातून पानी नाई का नाकातून नाई. आपलं ताट धुवून झालं की बाजूच्याचं बी धुवे. मराठी आमच्यापाशीच शिकला, म्हनून बोले बी आमच्यासारखाच. त्याच्या मास्तरासमोर म्हनला, "मले भूक लागून राह्यली." मास्तर पुन्याचे होते. त्याइले वाटलं, हे पाली हाय.

दिगांबरले टायफाइड झाला तवा दवाखान्यात थोच बसला. मी डबा पाठवला तं तसाच वापस आला. हा जेवत नाई तं मी कसा जेवू, असं त्याचं म्हननं. दिगांबर तवा असा नोयता. साधा, परीक्षा देनारा पोरगा होता, आठ वाजता जेवनारा.

मंग थीहा सुट्टीत घरी गेला, अन् तिकडे थे सारं झालं. पैले फोन येत. मंग कमी झाले. मंग बंदच. मले वाटलं, आपल्या घरी हाय, आपल्या मानसाइत हाय, इसरला असन. पोट्टे इसरतेच. मेसवाल्या बाईले कोन जन्मभर ध्यानात ठेवते?

मागच्या साली दिवाळी झाल्यावर दिगांबरचे बाबा आले. धोतर, टोपी, हातात झेंडूची पुडी. पुडी माह्या देवापुढे ठेवली अन् खालीच बसले. त्याइच्या बोटाइची नखं हिरवी होती. फुलं तोडून तोडून थो रंग जात नाई. बुवा भांडाले नोयते आले. म्हने, बाई, पहाटे फुलं तोडा लागते अन् उजाडाच्या आत बजारात न्या लागते. माह्याच्यानं आता वाकवत नाई. बाकी मले त्याचं काहीच म्हननं नाई, त्याले जे करायचं थे करो, पन घरी येऊन करो. फोन तं अकोल्यातून बी लागते.

दिगांबर दाराले टेकून उभा होता. मी म्हनलं, बराबर सांगून राह्यले बाबा. बर्मा काही राजापेठात नाई. अकोल्यातून बी तितकाच लांब हाय.

थो दारातून आत येऊन बसला. मंग म्हने, "मावशी, त्यानं शेवटी सांगतलं होतं. म्हने, मी लष्कराशी लढाले जंगलात चाललो, माह्याजोळ फोन राहनार नाई. तू जागा नोको बदलू. मी सुटलो की सरळ मावशीच्या मेसवर येईन."

बाबा त्याच्याकडे पाह्यत राह्यले. मी बी. तवा मले त्या तीन एम.ए.चा हिशेब लागला. वरच्या खोल्या कॉलेजच्या पोट्ट्याइलेच भेटत; कॉलेजात नाव असलं तं खोली राहे, खोली राह्यली तं जागा राहे. परीक्षा तं निमित्त होती. त्याच्या मित्रानं दार ठोकलं तं त्याले दिगांबर दिसला पायजे, बस.

म्हतारा मानूस उठला, पोराच्या पाठीवर हात ठेवला, अन् एस.टी. पकडाले निघाला. थे पाहून मले राह्यवलं नाई. जो भांडत नाई त्या मानसाचं ओझं जास्त होते.

दुसऱ्या दिवशी मी दिगांबरले बसवलं. पोयाइचं पीठ मळता मळता सांगतलं. हे मी कोनाले सांगत नाई, सांगून भाकर मिळत नाई म्हनून.

माहा मानूस सुरतेले कामाले गेला, थो वापस आला नाई. दोन लेकरं होती. आमची झोपडी दर्यापूरकडे, दुसऱ्याच्या जाग्यावर. वावराच्या मालकानं थे जागा खाली करून मांगतली. मले लय वाटे, आपन गेलो अन् हा आला तं? पन लेकराइले पोट होतं. मी निघाच्या टाइमाले स्टँडवरच्या न्हाव्यापाशी गेली. म्हनलं, भाऊ, माह्या घरचे आले तं सांगजो, अमरावतीले गेली, राजापेठात भांडे घासते. चहावाल्याले सांगतलं. मास्तरले सांगतलं. इहिरीवरच्या बायाइले सांगतलं. थो न्हावी मरेपावतर मोटारीतून उतरनाऱ्याची तोंडं पाहे. माहा मानूस आला नाई, थे येगळं. पन आला अन् दार बंद दिसलं म्हनून वापस गेला, असं मले येकाही रातीले वाटलं नाई.

"बाप्पा," मी म्हनलं, "मानूस पत्त्यावर येत नाई. इचारत इचारत येते. ज्याले थो इचारन, त्याच्यापाशी निरोप ठेव अन् घरी जाय."

दिगांबर पिठाचे गोये कराले लागला. मंग म्हने, "तुमच्यापाशी ठेवला तं? तुमी हायच ना."

"मी सत्तरीच्या वर हाव. माह्या येकटीच्या भरोशावर नोको राहू. समद्या राजापेठाले सांग."

मी आपली बोलून गेली. पन दिगांबरले काम सांगाचं म्हंजे थोडं नाई. आठ दिवस थो फिरत होता. ऑटोस्टँड, पानठेला, झेरॉक्सवाला, औषधीवाला, ट्युशन क्लासचा चौकीदार, बसस्टँडवरचा हमाल, चपला शिवनारा. सगळ्याइले येकच. "मुद्दा असा हाय भाऊ, येक पोरगं येईन. गोरं, ठेंगनं. डोये बारीक. आपल्यासारखं बोलन. त्याले मावशीच्या मेसवर सोडा." मंग झेंडूच्या दोन माळा घेऊन आला, येक माह्या दाराले बांधली, येक थीहाच्या जुन्या खाटेले, अन् अकोल्याले गेला.

तवापासून माहं दार काही रिकामं राह्यलं नाई. राजापेठातल्या लोकाइनं थे काम असं अंगावर घेतलं, जसा आपलाच भाचा हरवला.

पैले थंडीत ऑटोवाल्यानं येक स्वेटर इकनारी तिबेटी बाई आनून सोडली. मी म्हनलं, अरे, पोरगा सांगतला होता. थो म्हने, डोये पाहून आनली, मावशी. बाईले चहा दिला. तिनं सांगतलं, तिचा मुलूख तिनं सोता पाह्यला नाई, तिच्या बापानं पाह्यला होता. म्या इचारलं, मंग कसा हाय म्हने? तिनं मले इतकं सांगतलं, का तिचा चहा थंडा झाला.

मंग पानठेल्यावाल्यानं कॉलेजचा येक पोरगा पकडून आनला. थो लय चिडेल होता. "आंटी, मैं मणिपूर का हूं. इंडिया का," म्हने. त्याचं बराबर होतं. मी पानठेल्यावाल्याले रागावली अन् पोराले म्हनलं, बेटा, चूक झाली, आता बसला हाय तं जेवून जाय. थो जेवला. आता दर रविवारी येते. पैशे देते, पन वाढाले कोनाचं ऐकत नाई, सोताच घेते.

दिगांबर संध्याकाळी अकोल्यातून फोन करते. शेवंती कशी आली, बाबाइचे गुडघे कसे हाय, बजारात काय भाव भेटला, सगळं सांगते. थीहाचं नाव घेत नाई. मी बी घेत नाई. त्याचं बोलनं सरलं तरी थो फोन ठेवत नाई. तवा मी म्हनते, नाई आला बा अजून. मंग थो ठेवते.

परवा असंच पोट्टे जेवून राह्यले होते. ऑटोवाला आला, मांगं येक पोरगा. बारका, गोरा, अंगाले तेलाचा वास. माह्या हातातली पयी वरनातच राह्यली. मले खरंच वाटलं. मंग त्यानं खाली पाहून "नमस्ते" म्हनलं, अन् थो आवाज थीहाचा नोयता. नेपाळचा होता. चौकात गाडीवर चाउमीन बनवे, मालकानं संध्याकाळीच हाकलला. ऑटोवाला कानाले हात लावून म्हने, मावशी, यावेळी मले पक्कं वाटलं होतं.

मी ताट मांडलं. भात वाढला.

तितक्यात दिगांबरचा फोन. मी म्हनलं, येक आला रे. पन थो नाई. नेपाळचा हाय. जेवून राह्यला.

मले वाटलं, बिचाऱ्याची आशा मोडली, आता ठेवन. बाबा मांगं कोनाले तरी बोलवत होते, थे ऐकू येत होतं.

मंग दिगांबर म्हने, "मावशी, त्याले इचारा बरं, थो कुठी हाय थे त्याच्या घरी मालूम हाय का."

मी इचारलं. पोराचा हात भातातच थांबला. त्यानं मान हालवली. नाई.

मी फोन त्याच्या कानाले लावला. म्हनलं, बोल. अकोल्याचा हाय, आपलाच मानूस हाय. अन् त्याच्या दुसऱ्या हाताले फोन देऊन वरन गरम कराले आतमंधी गेली. वापस आली तं पोरगा अजून ऐकून राह्यला होता, अन् फोनातून बाहेर ऐकू येत होतं, दिगांबर त्याले इचारत होता, गाव कोन्तं, बाजूच्या घरचं नाव काय, अन् माय फोनवर येईन का.