अस्वलरावांचे ठणठणीत कान

मुलांनो, सरका जरा पुढे. मागच्यांनीही कान द्या. आहेत तोवर द्यावेत.

एका जंगलात पाणवठा खात्याचे एक साहेब होते, अस्वलराव. एके दिवशी त्यांना अचानक ऐकू येईनासं झालं. बिचारे!

हरणी त्यांच्याकडे रोज यायची. "साहेब, पाणवठ्याच्या उतारावर मगर येऊन बसलीय. माझं थोरलं पाडस तिनं नेलं. धाकटं दोन दिवस पाण्यावाचून आहे. तिला हलवा हो!"

"आँ?" अस्वलराव कानाला पंजा लावायचे. "काही ऐकू येत नाही गं बाई."

शेवटी हरणीनं मुंगूसवैद्यांचे पाय धरले. "त्यांचे कान तेवढे बरे करा."

वैद्य भला प्राणी. त्यांनी दोन्ही कानांत डोकावून पाहिलं. मळ नाही, जखम नाही, पडदा शाबूत. वैद्यांना भलताच संशय आला.

त्यांनी अस्वलरावांच्या हातात त्यांचंच मानपत्र दिलं आणि खुणेनं सांगितलं, वाचा. साहेब खुशीत वाचू लागले. वैद्यांनी मागे सहा सुतारपक्षी बसवले होते. ते पोकळ खोडावर ठोकू लागले, तसा साहेबांचा आवाज चढला. ठोकणं वाढलं, साहेब ओरडू लागले. ठोकणं थांबलं, आवाज खाली आला. आता तुम्हीच सांगा, ज्याला गलका ऐकूच येत नाही, तो गलक्यावर आवाज कशाला चढवील?

वैद्य तडक सिंहमहाराजांकडे धावले. "महाराज, कान ठणठणीत आहेत! अस्वलरावांना सगळं ऐकू येतं."

"सगळं?"

"हरणीचा शब्द न् शब्द!"

"आणि तरी जेवण जातं? झोप लागते?"

"उत्तम."

महाराज आसनावरून उठलेच. "अहो, असा गडी आम्ही किती दिवस शोधतोय! आमचे बाकीचे अधिकारी एक रडगाणं ऐकलं की पाघळतात."

अस्वलराव त्याच दिवशी प्रधान झाले. मुंगूसवैद्य राजवैद्य झाले. नव्या अधिकाऱ्यांची अशीच पारख करायची, एवढंच काम.

दुसऱ्या दिवशी हरणी आली. "वैद्यबुवा, पाडसानं मान टाकलीय हो. आता तुम्हीच सांगा ना वरती."

वैद्यबुवा खलात मुळी कुटत होते. त्यांना फार वाईट वाटलं. ते जरा जोरात कुटू लागले.

तात्पर्य: ज्याला ऐकू येत नाही, त्याने वैद्याकडे जावे. ज्याला सगळे ऐकू येते आणि तरी काही होत नाही, त्याने दरबारात अर्ज करावा.