पंपाच्या तेलातली सोनवाळू

एका जंगलात, मुलांनो, पंपाच्या तेलात चिमूटभर सोनवाळू घालायचा नियम होता. नदीकाठची चकचकीत, बारीक वाळू. का घालायची हे विचारायचं नाही, हा त्याहून जुना नियम.

पंप तळ्याचं पाणी टेकडीवर चढवी. तिथे हरणांची पाडसं होती. त्यांना दुसरं पाणी नव्हतं. आणि पंपाचं बेअरिंग तर दर पंधरवड्याला झिजून खडखडू लागे.

तेल घालायचं काम साळू साळिंदरीचं. शहरात शिकून आलेली. अस्वलमामांच्या कुरकुरत्या गुडघ्यांना तेल चोळायचं कामही तिच्याच गळ्यात होतं. शिक्षणाचा उपयोग, दुसरं काय!

एकदा तिने पंपाचं जुनं तेल फडक्यातून गाळलं. फडक्यावर वाळू राहिली आणि वाळूबरोबर पोलादाचा काळा चुरा. फडकं घेऊन ती पंचांकडे गेली. पंच दोनच, कासवआजोबा आणि अस्वलमामा.

"आजोबा, तुमची वाळू बेअरिंग खातेय."

"पोरी, माझ्या आज्याने घातली तेव्हा पंप चालला होता."

"तेव्हा पंप नवा होता."

"श्रद्धा कमी पडते," मामा गुडघा दाबत म्हणाले. "आजपासून दोन चिमटी घाल."

"शहरात तेलात काहीच घालत नसतील, नाही का?" आजोबांनी टोमणा मारला.

"घालतात की. थेंबभर औषध." साळूने बाटली दाखवली. "दुधावर साय धरते ना, तसा पोलादावर पातळ थर धरतो. मग झिजते ती साय, पोलाद वाचतं. तुमची वाळू सायीसकट पोलाद खरवडते."

"म्हणजे काहीतरी घालायचं आहेच. मग आमचंच घाल. नाहीतर तेलाचा डबा इथे ठेव आणि जंगलाबाहेर हो."

टेकडीवर पाडसं ओरडू लागली. पंप पुन्हा अडला होता.

साळूने डब्यात दोन चिमटी वाळू घातली. ढवळली. पंचांचे चेहरे खुलले. मग ती मामांसमोर बसली.

"पाय पुढे करा, मामा. आज गुडघ्यांना हेच तेल. पंपाला चालतं ते पंचांना चालेलच."

मामांनी दोन्ही गुडघे पोटाशी घेतले.

"बरं, आजोबा, तुमची मान?"

मान आत गेली.

"मग मीही हे पंपाला घालणार नाही," साळू म्हणाली. "डबाही ठेवणार नाही आणि जंगलही सोडणार नाही."

मामा आभाळाकडे बघत राहिले. कवचातून चकार शब्द आला नाही.

तात्पर्य : थोरांचं नेहमी ऐकावं. विशेषतः ते गप्प असताना.