इंदरचंदने पाळत बंद केली

आपल्याला कोणी फसवू शकत नाही, असं इंदरचंदचं स्वतःबद्दल ठाम मत होतं. दोंडाईच्याच्या बाजारात उभी हयात मिरची विकणाऱ्या माणसाने असं मत बाळगायला हरकत नाही. पण त्याने ते एका कॉम्प्युटरवर आजमावून पाहिलं, आणि तिथून सगळं बिघडत गेलं.

हा नवा लॅपटॉप पुतण्या अर्हमने आणला होता. लॅपटॉप इंदरचंदच्या खोलीत असायचा, म्हणून इंदरचंद त्याला आपला खाजगी समजायचा. एके सकाळी अर्हम चहा पिता पिता कौतुकाने सांगून गेला, की काकासा, हा आता फार हुशार झालाय, पडद्यावर जे जे दिसतं त्याचे आपोआप फोटो काढून ठेवतो. आपण विसरलो तरी तो विसरत नाही, नुसतं विचारायचं. घरातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. इंदरचंदने मात्र चहाचा कप तसाच खाली ठेवला.

कारण गेले दोन महिने तो त्या लॅपटॉपवर एकच गोष्ट बघत होता. जळगावला पिंप्राळ्यातला एक फ्लॅट. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पश्चिमेला गॅलरी.

फ्लॅट बायकोसाठी होता. प्रेमकुंवर लग्न होऊन आली ती थेट स्वयंपाकघरात, आणि अजून तिथेच होती. जैनाचं घर, सूर्य मावळायच्या आत सगळ्यांची जेवणं उरकायची. त्यामुळे जगाची संध्याकाळ होते तेव्हा प्रेमकुंवर अख्ख्या खटल्याच्या पोळ्या लाटत असायची. तिने कधी तक्रार केली नाही. एकदाच, तापात पडली असताना म्हणाली, "एक दिवस असं घर पाहिजे, जिथे आज काही करायचं नाही असं मला ठरवता येईल." हे ऐकून इंदरचंदला रडू आलं होतं, आणि त्याने तिला शब्द दिला होता.

अडचण होती ती भाईसाची. थोरला भाऊ सुगनचंद, अर्हमचा बाप, म्हणजे देवमाणूस, आणि देवमाणसांचा जाच काही औरच असतो! वेगळं व्हायचं नुसतं नाव काढलं तरी तो रडायचा, आणि तो रडला की इंदरचंद दर वेळी विरघळायचा. म्हणून कागद होईपर्यंत कोणाला काही कळू द्यायचं नव्हतं. अभिमन नावाच्या एजंटशी तो गोदामामागे उभा राहून फोनवर बोलायचा. आणि आता हा लॅपटॉप घरातल्या घरात चुगलखोर निघाला होता.

दुपारी बाकीचे पुरुष दुकानात असताना इंदरचंदने दार लावून घेतलं, चष्मा पुसला आणि शोधून शोधून ते बटण गाठलं. नोंद ठेवणे बंद. लॅपटॉपने विचारलं, नक्की ना? "नक्की," इंदरचंद मोठ्याने म्हणाला आणि मिशीवरून हात फिरवत दुकानात आला. सुरतला जायची गाडी भरून उभी होती. त्याने आल्या आल्या दोन हमालांना उगाच झापलं, इतका तो खुशीत होता.

आता या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. इथे ईमेल एकच. दुकानाच्या नावाचं, भाईसाने उघडलेलं, आणि सगळ्यांच्या फोनमध्ये तेच. एक घर, एक चूल, एक खातं, असं भाईसा पाहुण्यांना अभिमानाने सांगायचा. अर्हमचं लग्न झालं तेव्हा नव्या सुनेचा, चेलनाचा फोनसुद्धा दुसऱ्याच दिवशी त्यात जोडून झाला. इंदरचंदला हे माहीत नव्हतं असं नाही. पण त्याच्या मते बंद करणं म्हणजे कुलूप लावणं, आणि कुलूप लावल्याची दवंडी कोण पिटतं?

कॉम्प्युटर पिटतो. पहिली बातमी दिवाणजी छगनने आणली. त्याच्याही फोनात तेच खातं होतं. "शेठ, बठ्ठासना फोनमां एकच मेसेज शे," तो म्हणाला. सगळ्यांच्याच फोनवर तो येऊन पडला होता. आपल्या कॉम्प्युटरवर नोंद ठेवणे कोणीतरी बंद केले आहे, हे आपणच केलंत का? खाली दोन चौकोन, हो आणि नाही.

खोटं बोलणं या घरात पाप. भाईसाने गादीवर बसल्या बसल्या 'नाही' दाबलं. घरी भाभीसाने दाबलं, चेलनाने दाबलं, अर्हमने दाबलं, धुळ्याच्या आत्याबाईंनी जपमाळ बाजूला ठेवून दाबलं. छगनने तर विचारलं नसतं तरी दाबलं असतं. खरं बोलण्याची अशी लाट आल्यावर कंपनीने घाबरून खातंच गोठवून टाकलं. त्या खात्यावरच दुकानाची बिलं निघायची. बिल नाही म्हणून गाडी हलेना, ड्रायव्हर शिव्या देऊ लागला, बाजारात बोभाटा झाला की शेठजींच्या घरात कॉम्प्युटरचा चोर शिरला.

इंदरचंदला तेव्हाच सांगता आलं असतं, की बाबांनो, चोर मी. पण पुढचा प्रश्न 'का' हा असणार होता.

सगळे घरी जमले. अर्हमने खातं सोडवलं, गाडी गेली, तिथे विषय संपायला हवा होता. पण चोराने केलं तरी काय, हे बघायला त्याने ती नोंद परत चालू केली. इंदरचंदने नोंद बंद केली होती. आधीचं पुसायचं असतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. भरल्या घरासमोर पडद्यावर फ्लॅट येऊ लागला. दिवाणखाना. गॅलरी. स्वयंपाकघर. पुन्हा स्वयंपाकघर. त्या माणसाने सगळ्यात जास्त वेळा स्वयंपाकघरच बघितलं होतं.

"हे कोणी बघितलं?" भाईसाने विचारलं, आणि इंदरचंदच्या तोंडाकडे बघून त्याला कळलं. "इंदर, कशासाठी?"

पीठ भरल्या हातांनी प्रेमकुंवर दारात उभी होती. तिला पडद्यावर काय आहे ते लगेच समजलं, आणि ती त्याच्याकडे बघत राहिली. एक वाक्य बोलायचं होतं. भाईसाचे डोळे आधीच भरून आले होते.

"अर्हमसाठी," इंदरचंद म्हणाला. "त्याला आणि चेलनाला. आधी सांगायचं नव्हतं."

मग काय विचारता! जळगावला शाखा काढायचं भाईसाच्या मनात होतंच. त्याने इंदरचंदला छातीशी धरलं आणि व्हायचं तेवढं रडून घेतलं. असा भाऊ मिळायला पुण्य लागतं, असं तो आत्याबाईंना फोनवर दोनदा म्हणाला. अर्हम पाया पडला. चेलनाला गॅलरी फार आवडली. अभिमनला फोन गेला, तोही इंदरचंदच्याच हातून, आणि या वेळी गोदामामागे जायची गरज पडली नाही.

प्रेमकुंवर केव्हाच आत गेली होती. इंदरचंद स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन उभा राहिला. काहीतरी बोलावं म्हणून त्याने तिचं नाव घेतलं. तिने मान वर केली नाही. पोळी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "जळगावच्या वास्तुशांतीला जेवायला किती माणसं येणार, तेवढं भाईसांना विचारून या."

आणि इंदरचंद विचारायला गेला.