साऱ्या तळाचा एक कन्व्हर्टर

"ट्रकचं नाक चोंदलंय," असं निदान मेहुण्याने केलं तेव्हा सामानवाले चढाच्या मध्यावर अडकले होते आणि मागे एका निवृत्त मुख्याध्यापिकेचा सगळा संसार दोरखंडाने बांधलेला होता. लोकांची बिऱ्हाडं एका घरातून दुसऱ्या घरात हलवायची, हा सामानवाल्यांचा धंदा. ते आणि त्यांचा छोटा ट्रक बरीच वर्षं मिळून हा धंदा करत होते आणि अलीकडे दोघांनाही चढावर धाप लागत होती.

"इंजिनात दोष नाही, भाऊजी," मेहुणा चाकाला दगड लावत म्हणाला. "पुढून हवा घेतो बिचारा, पण मागून सोडता येत नाही. तो कन्व्हर्टर मध्ये आडवा बसलाय ना."

"अरे, तो धूर स्वच्छ करायला असतो."

"धूर कशाला स्वच्छ करायचा? आपण काय तो परत घेणार आहोत?"

मेहुण्याचं हेच वैशिष्ट्य होतं. तो बायकोचा सख्खा भाऊ, सामान चढवायला-उतरवायला मदतीला असे, आणि त्याचा कुठलाही सल्ला ऐकताना त्यात खोट काढता येत नसे. खोट निघायची ती सल्ला अमलात आणल्यावर. सामानवाल्यांना हे अनुभवाने ठाऊक होतं. पण चढावर अडकलेला माणूस अनुभवाचं ऐकत नाही, मेहुण्याचं ऐकतो.

ट्रकतळावर एक वेल्डर होता. त्याला सगळे ठिणगी म्हणत. ठिणगीने ट्रकखाली झोपून तो लोखंडी डबा कापून काढला, त्या जागी सरळ नळी बोल्टांनी जोडली आणि डबा भंगारात टाकला. तळावरच्या बहुतेक ट्रकांचं हे ऑपरेशन त्याच्याच हातून झालं होतं आणि एकाही रोग्याने तक्रार केली नव्हती.

त्यानंतर ट्रक चढ नीट चढू लागला की नाही, हे कुणी पाहिलं नाही. आवाजच असा होता की चढत असणारच, असं वाटे. घरी मात्र फरक लगेच कळला.

"आधी तुमचा आवाज येतो," बायको म्हणाली, "मग वास येतो, आणि तुम्ही येईपर्यंत माझ्या वाळत घातलेल्या चादरी काळ्या झालेल्या असतात. शेजारच्या आजोबांना दमा आहे, ठाऊक आहे ना? ते खिडकीत बसायचे बंद झालेत."

"एवढ्या मोठ्या आभाळात माझा धूर तो केवढा!"

आभाळ मोठं होतं हे खरं. पण ट्रकची नळी आभाळाकडे नव्हती, आजोबांच्या खिडकीकडे होती.

या सगळ्या काळात त्यांची मुलगी परगावी वाहन तपासणीचं शिक्षण घेत होती. ती निघाली तेव्हा सामानवाल्यांनी तिला, गाडी सुटता सुटता, बापाने द्यायचा तो उपदेश दिला होता. "सही करताना कुणाचं तोंड बघायचं नाही. बापाचंसुद्धा नाही." त्या वेळी ट्रकखाली कन्व्हर्टर होता, त्यामुळे वाक्य जोरात म्हणता आलं.

ती परत आली ती नेमणूक घेऊनच. गावातल्याच तपासणी केंद्रात, धुराच्या विभागात. बायकोने आनंदाने डोळे पुसले. सामानवाल्यांनीही पुसले, पण त्यांचं कारण वेगळं होतं. ट्रकची वार्षिक तपासणी तोंडावर आली होती.

"अजून मी कच्ची आहे, बाबा," मुलगी जेवताना म्हणाली. "पहिलं वर्ष नीट गेलं तर कायम करतात. एक जरी खोटी सही निघाली तर घरी."

"निघायची कशाला?" सामानवाले म्हणाले.

"तेच म्हणते मी."

खरं सांगून टाकायला ही वेळ चांगली होती. सामानवाल्यांनी ती पाणी पिण्यात घालवली.

दुसऱ्या दिवशी ते आणि मेहुणा ठिणगीकडे गेले. "माझा डबा परत बसव," सामानवाले म्हणाले.

"तुमचा केव्हाच वितळला असेल."

"मग नवा?"

"मागवला तर येईल. पण तुमच्या तपासणीनंतर येईल."

"मग बाकीचे काय करतात रे?"

ठिणगीने इकडेतिकडे पाहिलं, पत्र्याच्या आडोशाला गेला आणि गोणपाटात गुंडाळलेली एक वस्तू तान्ह्या मुलासारखी उचलून घेऊन आला. गोणपाट बाजूला केला तर आत एक जुना, पोचे पडलेला, पण धडधाकट कन्व्हर्टर होता.

"हा तळाचा," ठिणगी म्हणाला.

तळावरचे सगळे ट्रक एकाच बनावटीचे. ज्याची तपासणी असेल त्याने हा डबा बसवून न्यायचा, पास झालं की संध्याकाळच्या आत परत आणायचा, कारण पुढचा वाट बघत असतो. एका कोटावर चार भावांची लग्नं लागावीत, तशी एका कन्व्हर्टरवर साऱ्या तळाची तपासणी पार पडत होती. यात कुणाला गैर वाटत नव्हतं. उलट तळावर एवढी एकी दुसऱ्या कुठल्याच बाबतीत नव्हती.

"तपासणीला नवी मुलगी आलीय," ठिणगी डबा पुसत म्हणाला. "कडक आहे, पण भोळी. बर्फवाला पास झाला, पाववाला पास झाला. खाली उतरून बघते, डबा दिसला की सही."

"ती माझी मुलगी आहे."

ठिणगीने डबा आणखी जोरात पुसला. "मग तर घरचंच काम," तो म्हणाला.

हे ऐकून सामानवाल्यांना बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. मुलीला कुणी भोळी म्हटल्याचं लागलं. आणि ती भोळी नसली तर काय, हा विचार त्याहून वाईट होता.

तपासणीच्या दिवशी घोटाळा असा झाला की सकाळची वेळ वाळूवाल्याला मिळाली होती आणि दुपारची सामानवाल्यांना. वाळूवाला पास होऊन तळावर आला तो डबा तापलेलाच घेऊन. मेहुण्याने घाईने उघड्या हातांनी तो धरला, लगेच सोडला आणि सोडताना पायाने एक बोल्ट गटारात उडवला. मग डब्यावर बादलीभर पाणी ओतणं आलं, मेहुण्याच्या हातावर ओतणं आलं आणि बोल्टऐवजी तार बांधणं आलं. एवढं झाल्यावर मेहुण्याला आणखी एक विचार सुचला.

"भाऊजी, हा डबा तिने आजच सकाळी वाळूवाल्याच्या खाली बघितलाय. तसाच्या तसा कसा न्यायचा? माणूससुद्धा एका दिवशी दोन समारंभांना जाताना सदरा बदलतो."

यातही खोट काढता येईना. मेहुण्याने डब्याला चंदेरी रंग फासला. रंग ओला होता, पण वेळ झाली होती.

केंद्रात मुलगी खाकी डगल्यात उभी होती. सामानवाल्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "अगं, जेवलीस का?"

"मालक, गाडी खड्ड्यावर घ्या."

"अगं, मी म्हटलं..."

"मालक, गाडी खड्ड्यावर घ्या."

त्यांनी मुकाट्याने गाडी खड्ड्यावर घेतली. तिने मागच्या नळीत तपासणीची कांडी खोचली आणि विजेरी घेऊन खड्ड्यात उतरली. आता ती दिसत नव्हती, फक्त तिचा आवाज पायाखालून येत होता. तिचे साहेब यंत्रापाशी आकडे बघत उभे होते.

"ॲक्सिलरेटर दाबा."

"किती?"

"सोडा म्हणेपर्यंत."

सामानवाले दाबत राहिले. हळूहळू एक उग्र वास पसरला आणि ट्रकच्या पोटाखालून निळसर धूर वर येऊ लागला. साहेबांनी यंत्राकडे पाहिलं, मग ट्रककडे पाहिलं.

"नळीतून तर काही नाही. मग हा धूर कशाचा?"

"रंगाचा, साहेब," खड्ड्यातून आवाज आला. पाठोपाठ खोकला.

"साहेब, मुलीच्या ऑफिसात यायचं म्हणून जरा सजवून आणलाय," मेहुणा म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

 डब्यावर कुणीतरी बोटाने टकटक केल्यासारखं ऐकू आलं.  तिने नापास करावं, असं सामानवाल्यांना त्या क्षणी मनापासून वाटलं, आणि करू नये, असंही तितक्याच मनापासून वाटलं. शेवटी ती वर आली. नाकाला आणि बोटांना चंदेरी रंग लागला होता.

"पास," ती म्हणाली. मग साहेबांकडे वळली. "साहेब, एवढी जुनी गाडी आणि आकडे इतके चांगले. ही आपण नमुना म्हणून ठेवू या. कन्व्हर्टरला सील लावते. दर महिन्याला बोलावून बघत जाऊ."

"उत्तम कल्पना," साहेब म्हणाले.

तिने नवा बोल्ट मागवून घेतला, तार काढून फेकली, डब्याभोवती शिशाचं सील आवळलं आणि सोबतच्या पट्टीवर सही केली. सामानवाल्यांना अभिनंदनाचा हात साहेबांनी दिला. घरी जाताना ट्रक इतका शांत चालत होता की त्यांना मेहुण्याचं बोलणं सगळंच्या सगळं ऐकू आलं.

संध्याकाळी ठिणगी आणि विटावाला घरी आले. मुलगी आत मोरीत रॉकेलने बोटांचा रंग काढत होती. विटावाल्याने आवाज खाली आणला.

"उद्या माझी पाळी. वस्तू द्या."

"वस्तूला सील लागलंय."

"मग तोडा की."

"तोडायला कशाला हवं?" ठिणगी म्हणाला. "मी अलगद सोडवतो. उद्या संध्याकाळी परत जसंच्या तसं. लावणाऱ्यालासुद्धा कळणार नाही."

"यात खोट काही नाही, भाऊजी," मेहुणा म्हणाला.

सामानवाल्यांनी मोरीच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "सीलवर सही कुणाची आहे?"

"सरकारची," विटावाला म्हणाला.

"सरकारला हात नसतात. सही माझ्या मुलीची आहे. ती नोकरीत अजून कच्ची आहे. मी हात लावू देणार नाही."

"दुपारी डबा नेताना हे सुचलं नाही?"

"नाही सुचलं," सामानवाल्यांनी कबूल केलं.

विटावाल्याला भांडण हवं होतं, कबुली नको होती. तो जरा गडबडला. "मग मी काय करू?"

"तारीख पुढची मागा. नवा कन्व्हर्टर मागवा."

"वा! म्हणजे तोवर तुमची गाडी पळणार आणि माझी उभी राहणार?"

"तोवर तुमच्या विटा मी वाहतो."

मेहुण्याचा चेहरा उतरला. विटा चढवणार कोण, हे त्याच्या लगेच लक्षात आलं होतं. इतक्यात मुलगी हात पुसत बाहेर आली.

"तारीख मी पुढची देते, काका," ती विटावाल्याला म्हणाली. "बर्फवाले, पाववाले आणि वाळूवाले काकांनाही परत बोलावलंय. आणि ठिणगीकाका, तुम्ही पण या. साहेबांना तुमच्याशी बोलायचंय."

ठिणगीने कशाबद्दल म्हणून विचारलं नाही. दोघे चहा न घेताच गेले. खोलीत सामानवाले, मुलगी आणि मेहुणा उरले.

"तुला कधी कळलं?" सामानवाल्यांनी विचारलं.

"पाववाल्या काकांच्या गाडीखाली वाटलं, याला कुठेतरी पाहिलंय. सकाळी वाळूवाल्यांकडे खात्री झाली, पण सही करून बसल्यावर. दुपारी रंग लावून आला तेव्हा ओळख दाखवावी की नाही, तेच कळेना."

"मग मला नापास का नाही केलंस?"

"केलं असतं तर तो संध्याकाळी परत तळावर गेला असता. उद्या विटावाल्यांच्या खाली भेटला असता. आता निदान एका गाडीला तरी कायमचा बसला."

"आणि तुझी नोकरी?"

"तुम्ही गेल्यावर साहेबांना सगळं सांगितलं. माझ्या तीन सह्या चुकल्या, हेही. ते आधी रागावले. मग म्हणाले, स्वतःहून सांगितलंस ते बरं केलंस; आता सील घट्ट लावलंय ना, ते एकदा बघून ये."

सामानवाल्यांनी मान खाली घातली. त्यांना लाज वाटत होती. जी गोष्ट सांगायला त्यांना एवढे दिवस जमलं नाही, ती या पोरीने एका दुपारात वरिष्ठांना सांगून टाकली होती. तिचा अभिमानही वाटत होता, पण तो बोलून दाखवायची आज आपली लायकी नाही, एवढं त्यांना कळत होतं.

"डब्याचं झालं," ते शेवटी म्हणाले. "बापाने तुला फसवायला बघितलं, त्याचं काय?"

मुलीने जरा विचार केला. "त्यावर कारवाई करायची सोय आमच्या खात्यात नाही, बाबा."

"ते खातं माझ्याकडे आहे," आतून बायको म्हणाली. "इकडे या जरा."

सामानवाले उठले. मेहुणा हळूच दाराशी सरकून चपला शोधू लागला.

"तूसुद्धा ये," ती म्हणाली, आणि तो मुकाट्याने भाऊजींच्या मागे आत गेला.